फोकटचं पदक

कुमुदताई वैरागडे यांच्याशी माझी पहिली भेट झाली ती भांडणाने. भांडले मी. त्या नुसत्या उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे घट्ट गुंफून.

लखनौला बदली होऊन मला फार दिवस झाले नव्हते. हज़रतगंजमधल्या बँकेत माझी नोकरी आणि मुलगी अन्वी सरोजिनी नगरच्या एका खाजगी शाळेत नववीत. त्या शाळेत मुलांसाठी एक युवा पुरस्कार योजना चालायची. मुलांनी काही महिने समाजसेवा करायची, एखादं कौशल्य शिकायचं, एखादा खेळ नेमाने खेळायचा आणि शेवटी गटाने मिळून, स्वतःच्या बळावर, एक खडतर प्रवास करायचा. त्यावर कांस्य, रौप्य, सुवर्ण अशी पदकं. प्रत्येक गटामागे एक प्रौढ मार्गदर्शक. अन्वीच्या गटाच्या मार्गदर्शक होत्या डॉ. कुमुद वैरागडे. मूळच्या नागपूरच्या, एकट्या राहणाऱ्या, लखनौच्या एका संशोधन संस्थेत गवतांचा अभ्यास करून निवृत्त झालेल्या. शाळेला हे काम बिनपगारी करणारं कोणीतरी हवं होतं आणि कुमुदताईंना मुलं हवी होती, एवढाच त्यांचा आणि शाळेचा संबंध.

त्या रविवारी एका बागेत मुलं तंबू उभारायला शिकत होती. वारा सुटला, एक खुंटी उपटली गेली आणि तंबू आत असलेल्या अन्वीच्या अंगावर बसला. कापडाखालून तिचे हातपाय हलताना दिसत होते. मी धावले, तर ही सुती साडी आणि कॅनव्हासचे बूट घातलेली बाई माझ्या वाटेत उभी.

"कुठे जाऊन राहिल्या?" त्यांनी मराठीत विचारलं. मी "अगं अन्वी" म्हणून ओरडले होते, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं असावं.

"माझी मुलगी आहे आत."

"हो ना. मग तिला बाहेर येऊ द्या की."

"तुम्हाला दिसत नाहीये का?"

"दिसून राहिलं. म्हणून तर हात मागे बांधले मी. तुम्हीही बांधून पाहा. पहिले पहिले जड जातं."

परक्या गावात, परक्या बाईने मला माझ्याच मुलीपाशी जाऊ दिलं नाही, याचा मला भयंकर संताप आला. मी काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी बोलत असताना अन्वी सरपटत बाहेर आली, केसांतलं गवत झटकलं आणि मैत्रिणींबरोबर पुन्हा खुंटी ठोकायला लागली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. घरी येताना ऑटोत म्हणाली, "मम्मा, अगली बार प्लीज़ मत आना."

पुढच्या वेळी मी गेले. त्याच्या पुढच्याही वेळी गेले. राग धरून गेले होते आणि कधी त्या गटाची सहमार्गदर्शक होऊन बसले, माझं मलाच कळलं नाही. कुमुदताई लगेच 'तुम्ही'वरून 'तू'वर आल्या.

योजनेची प्रौढांसाठी एक मार्गदर्शिका होती. गुळगुळीत कागदाची, इंग्रजीत, तक्त्यांनी भरलेली. मी ती दोन रात्री बसून वाचली आणि शंका विचारायला त्यांच्या घरी गेले. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "हे सारं दोन वाक्यांचं आहे, वृंदा. पोट्ट्याला जे जड आहे ते त्याला स्वतः निवडू दे, अन् ते उचलताना मधात हात घालू नको. बाकी सगळं वेष्टण."

नव्या शिक्षकांना तयार करायचं कामही त्यांच्याकडेच असे. शिक्षक वह्या काढून बसत आणि त्या एकेकाला विचारत, "आपको क्या नहीं आता?" लोक गोंधळून जात, आपल्याला काय येतं ते सांगायला सगळे तयार होऊन आलेले. खेळाचे एक सर होते, भरघोस मिशांचे, मुलांना शिट्टीवर पळवणारे. त्यांना बटण लावता येत नव्हतं. कुमुदताईंनी त्यांच्या हातात सुई दिली. सर आधी हसले. मग दोरा ओवताना गप्प झाले, मग बोटाला सुई टोचून घेतली, आणि सगळ्यांसमोर ते वाकडंतिकडं बटण लावून होईतो त्यांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी तो पुसला आणि म्हणाले, "मैडम, हालत ख़राब हो गई."

"हो गई ना? अब किसी बच्चे को 'इतना भी नहीं आता' बोलने के पहले ये बटन याद करना."

मला सायकल येत नव्हती. चाळिशी उलटलेल्या बाईने गल्लीतल्या पोरांसमोर सायकलवरून पडावं, हे माझ्या वाट्याला आलं. कुमुदताई फाटकाशी उभ्या राहून चहा पीत पाहत. एकदाही त्यांनी मागून सायकल धरली नाही.

सही करण्याच्या बाबतीत त्या भलत्याच कडक होत्या. मुलाने केलेलं काम मार्गदर्शकाने डोळ्यांनी पाहिलेलं किंवा खात्री केलेलं असलं पाहिजे, असा नियम. बहुतेक ठिकाणी तो नियम कागदावरच राहतो. उत्कर्ष नावाच्या एका मुलाची आई एकदा सेवेचं प्रमाणपत्र आणि रेवडीचा डबा घेऊन आली. मुलाने एका अनाथाश्रमात सहा महिने शिकवलं, असं प्रमाणपत्रात होतं. कुमुदताईंनी उत्कर्षला विचारलं, "जिनको पढ़ाया, उनमें से एक का नाम बता." तो आईकडे पाहायला लागला. कुमुदताईंनी डबा उघडला, एक रेवडी तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "रेवड़ी अच्छी है. साइन नहीं होगा." आई तणतणत निघून गेली. मुलगा मात्र महिन्याभराने एकटाच परत आला. नंतर त्याने एका वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांची नखं कापून दिली, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं नाव त्याला पाठ होतं. म्हातारे कसे खोड्या काढतात त्याच्या नकला तो आम्हाला करून दाखवायचा.

कुमुदताईंचा एक शब्द होता, 'फोकटचं'. फुकटला नागपूरकडे फोकट म्हणतात. "फोकटचं घेणं वाईट," त्या म्हणत, "पण फोकटचं देणं त्याहून वाईट. घेणारा एकदाच लाजतो. देणारा सवय लावून जातो."

हे सगळं सांगितलं ते एवढ्यासाठी की महिमाच्या वेळी त्या जे वागल्या ते अचानक सुचलेलं नव्हतं. लोकांनी मात्र ते क्रौर्य ठरवलं.

महिमा श्रीवास्तव अन्वीच्या वर्गातली. जन्मापासून तिच्या पायांचे स्नायू आखडलेले होते. कुबड्यांवर ती थोडं चालायची. लांब जायचं तर हातांनी फिरवायची तिचाकी सायकल. जीभ धारदार, गणित पक्कं, आणि गटात कोणी आळस केला की सगळ्यात आधी हीच ओरडणार. शाळेने तिच्यासाठी एक उतार बांधला होता. तो होता सभागृहाच्या मंचाकडे जाणारा. प्रयोगशाळेकडे आणि ग्रंथालयाकडे पायऱ्याच होत्या. माझ्या मते त्या शाळेबद्दल एवढं सांगितलं तरी पुरे.

मुली अकरावीत आल्या तोवर सुवर्णपदकासाठीचं अन्वी-महिमाच्या गटातल्या पाचहीजणींचं जवळजवळ सगळं झालं होतं. महिमाने गल्लीतल्या लहान मुलांचा गणिताचा वर्ग चालवला, मिक्सर-पंखे दुरुस्त करायला शिकली, बसून गोळाफेकीचा सराव केला. राहिला होता फक्त प्रवास. शाळेच्या संचालकांनी, ज्यांचं नाव लिहायची माझी इच्छा नाही, महिमाला प्रवासाची परवानगी नाकारली. "कुछ हो गया तो कौन ज़िम्मेदार?" बाकीच्या चौघींनी खुशाल जावं, म्हणाले. चौघींनी आपसात मत घेतलं आणि सांगितलं, महिमाशिवाय आम्ही जाणार नाही. मला हे अन्वीने नंतर, जेवताना, सहज सांगितलं. "डिसाइड हो गया, मम्मा." एवढंच.

मग पदकप्रदान समारंभ ठरला. कोणी मोठे अधिकारी पाहुणे म्हणून येणार होते. संचालकांनी कुमुदताईंना आणि मला बोलावून घेतलं. खोलीत एक मोठा फलक गुंडाळून ठेवलेला होता. त्यांनी तो मोठ्या कौतुकाने उलगडून दाखवला. त्यावर महिमाचा तिचाकीतला फोटो, पाठीमागे उगवता सूर्य, खाली 'हौसलों की उड़ान'.

"बाक़ी चार का नाम तो जाएगा नहीं, उन्होंने जर्नी की नहीं," संचालक म्हणाले. "महिमा का डाल दीजिए. बहुत अच्छा मैसेज जाएगा."

"जर्नी तो महिमाने भी नहीं की," कुमुदताई म्हणाल्या.

"मैडम, वो कैसे करेगी?"

"आप जाने देंगे तो करेगी."

"देखिए, बच्ची बेचारी..." ते खालच्या आवाजात, समजूत घातल्यासारखं बोलू लागले. "थोड़ी दया कीजिए."

"दया तो आप कर चुके, सर. आप उसको रस्ता दीजिए. मेडल मैं देगी."

त्यांचं हिंदी असंच होतं, मुलं त्याला हसत. संचालक हसले नाहीत. कुमुदताईंनी सही केली नाही आणि आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात मी म्हटलं, "ताई, तिने बाकी सगळं केलंय. दिलं असतं तर काय बिघडलं असतं?"

"अन्वीला देऊ का, न जाता?"

"नाही."

"मग हिला काहून?"

त्या चालत राहिल्या आणि फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "ज्याला काही जमणारच नाही असं आपण धरून चालतो ना, त्यालाच आपण असं देतो. त्या पोरीला हे कळल्यावाचून राहील का?"

त्याच संध्याकाळी त्या महिमाच्या घरी गेल्या. मला बरोबर नेलं. महिमाचे वडील, श्रीवास्तवजी, सरकारी कचेरीत कारकून, आई नव्हती. कुमुदताईंनी काही न झाकता सगळं सांगितलं. महिमा ऐकत होती. मग तिने एकच विचारलं, "फ़ोटो छप गया है?"

"छप गया."

"मेरे से किसने पूछा?"

श्रीवास्तवजींनी मान खाली घातली. शाळेने त्यांची संमती आधीच घेतली होती. पण लगेच त्यांनी मान वर केली आणि सगळा राग कुमुदताईंवर काढला. "मैडम, इसे ज़िंदगी में मिला क्या है आज तक? एक मेडल मिल रहा था, वो भी आपने रोक दिया. आपका अपना बच्चा होता तो रोकतीं?"

मूल नसलेल्या बाईला हा प्रश्न विचारला गेला होता. त्या माणसाचा आवाज कापत होता आणि तो खोटं बोलत नव्हता, हे कुमुदताईंनाही दिसत होतं. मला मात्र त्याचाही राग आला आणि संचालकांचा तर इतका आला की हातातला चहा मला पिववेना. एका बापाला आपल्या मुलीसाठी दान मागायच्या जागी आणून बसवायचं आणि वर त्याला आभार मानायला लावायचे, हे शाळेचं काम होतं का?

मग महिमा म्हणाली, "पापा, मैं जाऊँगी. अपने से."

"कैसे जाओगी?"

"जैसे रोज़ जाती हूँ. बस थोड़ा ज़्यादा."

समारंभाला ती गेली नाही. फलक मात्र मंचामागे लावलेला होता. पाहुण्यांनी आपल्या भाषणात त्या फोटोतल्या मुलीची खूप स्तुती केली, तिच्या जिद्दीपुढे आपण नतमस्तक आहोत म्हणाले, आणि ती सभागृहात नाही हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. टाळ्या भरपूर पडल्या. मी मागच्या रांगेत बसून ते पाहिलं. आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

चार दिवसांनी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर शाळेचा संदेश आला: डॉ. वैरागडे यांनी प्रकृतीच्या कारणाने जबाबदारी सोडली आहे, शाळा त्यांच्या सेवेची ऋणी आहे. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी त्यांना फोन केला तर त्या गच्चीवर गहू वाळत घालत होत्या. "मला काय झालं म्हणते? बरं झालं सांगितलं बाप्पा. औषध घेते काहीतरी," म्हणाल्या. पण फोन काही त्यांनी लगेच ठेवला नाही. इतकी वर्षं फुकट राबलेल्या बाईला साधं समोर बसवून सांगण्याचं धैर्यही त्या लोकांना नव्हतं.

प्रवास झाला. शाळेच्या नावाशिवाय, पाचही घरांच्या संमतीने, दिवाळीनंतरच्या सुट्टीत. मार्ग मुलींनीच ठरवला: लखनौच्या वेशीवरच्या चिनहटहून निघायचं, नहरेच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेने गावं घेत जायचं, मुक्काम गावातल्या शाळांच्या ओसरीत, आणि फिरून पुन्हा चिनहट. पण मुलींना सोडण्याआधी कुमुदताई आणि मी तो सगळा मार्ग पाहून आलो. मी सायकलवर. सत्तरीला टेकलेल्या कुमुदताई चक्क महिमाच्या तिचाकीत बसल्या आणि हातांनी चाक फिरवत निघाल्या. "ती कुठे अडकते ते मला बसल्याशिवाय कसं कळेल?" बाकी टप्पे त्यांनी स्कूटरवरून पाहिले, पण जिथे जिथे रस्ता खराब होता तिथे तिचाकीतून गेल्या. नंतर आठवडाभर त्यांना वेणी घालायला हात वर होत नव्हते. महिमाच्या डॉक्टरांना भेटल्या, जवळची इस्पितळं पाहून ठेवली, प्रत्येक गावच्या प्रधानाशी, म्हणजे सरपंचाशी, बोलल्या. लोक त्यांना बेफिकीर म्हणत. इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. फक्त मुलींना ती दिसू द्यायची नाही, हा त्यांचा कटाक्ष.

नियमाप्रमाणे आम्ही दोघी दूर राहायचं, ठरलेल्या ठिकाणी भेटायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी एका आमराईत आम्ही थांबलो होतो. मुली यायला हव्या होत्या त्या रस्त्याने न येता पलीकडच्या कच्च्या वाटेने येताना दिसल्या. त्या वाटेवरची मोरी खचलेली होती. नकाशा महिमाकडे होता आणि तिने वळण चुकवलं होतं. तिचाकीचं चाक चिखलात रुतलं. एका ट्रॅक्टरवाल्याने ट्रॅक्टर थांबवून सगळ्यांना बसा म्हटलं. महिमाने हात जोडून त्याला नकार दिला, कुबड्या मागितल्या आणि खाली उतरली. चौघींनी तिचाकी उचलली. ती दोन पावलं गेली आणि चिखलात पडली.

मी उठले. कुमुदताईंचा चेहरा पांढरा पडला होता. महिमा स्वतःच उठून बसली, कुबडी सापडेपर्यंत चाचपडली आणि उभी राहिली. आणि तेवढ्यात अन्वीचा आवाज आमराईपर्यंत आला. "गधी, नक्शा उल्टा पकड़ा था क्या? अब पूरा वापस जाना पड़ेगा."

माझे कान तापले. "ताई, मी सांगते तिला. हे काय बोलणं झालं?"

"खबरदार," कुमुदताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. "चूप बसून राहा. एवढ्या वर्षांत कोणी पहिल्यांदा तिच्यावर बरोबरीने ओरडून राहिलं असेल."

पाचजणी परत फिरल्या. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचल्या तेव्हा कोणी कोणाशी बोलत नव्हतं. खिचडी लागली होती, तीही कोणामुळे लागली यावरून पुन्हा वाद झाला. जेवण झाल्यावर महिमा माझ्याजवळ येऊन बसली.

"आंटी, अन्वी ने मुझे गधी बोला."

"मैंने सुना. मैं उसको—"

"नहीं नहीं," ती म्हणाली. "मुझे आज तक किसी ने नहीं बोला. ग़लती करो तो सब बोलते हैं, कोई बात नहीं बेटा." चिखल वाळलेल्या चेहऱ्याने ती हसत होती. मग उठली आणि जाऊन अन्वीच्या अंगावर पाणी उडवलं.

शेवटच्या दिवशी चिनहटला श्रीवास्तवजी चहाच्या टपरीशी उभे होते. येऊ नका, असं त्यांना सांगितलं होतं. तिथे रस्त्याला थोडा चढ आहे. तिचाकी चढावर आली तेव्हा ते ढकलायला पुढे झाले आणि मुलीच्या चेहऱ्याकडे पाहून थांबले. ती धापा टाकत वर आली, ब्रेक लावला आणि म्हणाली, "पापा, चाय बोल दीजिए. पाँच." त्यांनी चहा सांगितला. पैसे देताना त्यांचे डोळे भरले होते, पण कुमुदताईंशी ते त्या दिवशीही बोलले नाहीत.

हे सगळं योजनेच्या कार्यालयाला कळवलं. उत्तर आलं की प्रवासाच्या वेळी डॉ. वैरागडे या नोंदणीकृत मार्गदर्शक नव्हत्या, सहमार्गदर्शकाची तर नोंदणीच नाही, सबब प्रवास ग्राह्य धरता येत नाही. पुन्हा अर्ज करायला शाळेची शिफारस लागणार होती. ती कधी मिळाली नाही. पाचांपैकी एकीलाही सुवर्णपदक मिळालं नाही.

माझी अपेक्षा होती की कुमुदताई हसतील, पदकात काय आहे म्हणतील. त्या तशा म्हणाल्या नाहीत. उत्तर वाचून त्यांनी चष्मा काढून टेबलावर आपटला. "नियम त्यांचा बरोबर आहे. माझाही हाच नियम आहे. त्याचाच तर राग येऊन राहिला." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाल्या, "मला वाटत होतं ग, मिळावं तिला. खूप वाटत होतं. ज्यांनी कधी काही पाहिलं नाही त्यांच्या सह्या चालतात, अन् मी पाहिलं तर माझी चालत नाही."

त्यांना इतकं हरलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यानंतर त्यांनी आपल्या घराच्या गच्चीवर चिनहटच्या कारखान्यांमधल्या कामगारांच्या मुलांचा एक गट सुरू केला. त्याला ना नाव होतं ना पदक. पण बोलताना मध्येच त्या थांबत आणि विचारत, "महिमा कशी आहे?"

मुली कॉलेजात गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात एका सकाळी भाजी आणायला निघताना दारातच त्या कोसळल्या. इस्पितळात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. नागपूरहून त्यांची भाची मेघना आली. घरात पुस्तकं, वाळलेल्या गवताचे नमुने आणि कॅनव्हासच्या बुटांचे तीन जोड, याखेरीज आवरायला फारसं काही नव्हतं.

शाळेने शोकसभा ठेवली. जाऊ नये असं माझ्या मनात होतं, पण मेघनाला कोणी ओळखीचं नव्हतं म्हणून मी तिच्याबरोबर गेले. कुमुदताईंच्या फोटोला हार घातलेला. अन्वी आणि तिच्या मैत्रिणी आता कॉलेजात, पण पाचहीजणी आल्या होत्या. महिमा वडिलांशेजारी, रांगेच्या कडेला बसली होती. संचालक बोलायला उभे राहिले. मैडम हमारे परिवार की थीं, म्हणाले. प्रकृती बरी नसतानाही शेवटपर्यंत त्यांनी शाळेची सेवा केली, म्हणाले. मी खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

"और सबसे बड़ी बात," संचालकांचा आवाज दाटून आला, "मैडम दिल खोलकर देती थीं. उनके पास से कोई बच्चा ख़ाली हाथ नहीं लौटा."

"सर," सभागृहातून आवाज आला, "ये ग़लत है."

महिमा कुबड्यांवर उभी राहिली होती. सगळ्या माना तिकडे वळल्या. संचालकांनी ओळखीचं हसू आणलं. "हाँ बेटा, बोलो, बोलो."

"मुझे मैडम ने गोल्ड नहीं दिया था," महिमा म्हणाली. "आपने माँगा, मेरे पापा ने भी माँगा. उन्होंने साफ़ मना कर दिया. मेरे साथ जो हैं इन चार को भी नहीं मिला. ये भी बोल दीजिए."

श्रीवास्तवजी उठले, मुलीच्या शेजारी उभे राहिले आणि म्हणाले, "जी. मैंने माँगा था." मग दोघंही शांतपणे खाली बसले. संचालकांनी घसा खाकरला, कागद चाळले आणि दोन मिनिटं मौन पाळू या, असं घाईघाईने जाहीर केलं.

सगळे उभे राहिले. मेघनाला हिंदी कळत होतं, पण मागचं काहीच ठाऊक नव्हतं. ती माझ्याकडे झुकली आणि घाबरून कुजबुजली, "तिचा मावशीवर राग आहे का हो?"

"राग आहे," मी म्हटलं. "मावशीवर नाही."